हातचा

वितळलेल्या लोखंडात स्फुरद असतो,
खताच्या पोत्यावर छापतात तोच.
पिकाला हवा, हाडांना हवा,
पोलादाला मात्र नको.
उणे तीसला, बोथनियाचं आखात गोठलं
की त्याच्यापायी जहाजाचा पत्रा
वाळल्या पावासारखा मोडतो.

म्हणून चुना.
इथे चुना लावतात तो स्फुरदाला,
भुलवून मळीत ओढायला.
फार तापवलं की तो रुसतो,
मळी सोडून माघारी लोखंडात येतो.
कमी तापवलं तर ओतताना घट्ट.
मधली वाट शोधायला मला ठेवलं होतं,
दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी, दोन स्क्रीन देऊन.

चार वर्षांचे अकरा हजार चारशे घाणे.
चुन्याचं वजन, ऑक्सिजन, नळीची उंची, तापमान.
मॉडेलने रेघ काढली,
ठिपके तिच्याभोवती बसले
शेकोटीला बसावेत तसे.
काही मात्र लांब. नेहमी खालच्या अंगाला.
भाकितापेक्षा स्फुरद कमी,
दोन हजारांश टक्का, पण दर वेळी.

मी त्यांना रंग देऊन पाहिले.
चुना कुठल्या खाणीचा, वार कुठला,
बाहेर बर्फ होतं का.
मग पाळीप्रमाणे रंगवले, आणि सगळे एकाच रंगाचे निघाले.
तिसरी पाळी. राइमो हुहताला. चौतीस वर्षं नोकरी.
पिर्क्को म्हणाली, गाळून टाक ते ठिपके,
एप्रिलमध्ये तो निवृत्तच होतोय.

पहाटे तीनला मी खाली गेले.
काचेपलीकडे भट्टीचं तोंड,
आणि असा आवाज की आपला विचार आपल्याला ऐकू येऊ नये.
राइमोने डावा हातमोजा काढला होता.
उघडा तळवा लोखंडी कठड्यावर,
नजर तिसरीकडेच, कॉफीच्या कपात.
मध्येच म्हणाला, "चढतंय,"
आणि नळी वीतभर खाली घेतली.

"मळी उतू जायच्या बेताला ठेवायची,
उतू जाऊ द्यायची नाही. दुधासारखं.
फेस वर आला की कठडा मऊ थरथरतो."

"आणि आवाज?"
त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं.
मी पुन्हा विचारलं, मोठ्याने.
"आवाज पूर्वी होता," तो म्हणाला.
"आधी डावा कान गेला, मग उजवा.
मग हाताला कळायला लागलं."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर
भंगाराच्या ढिगावर क्रेन मोजत बसलो असतो."

वर येऊन मी तक्ता उघडला.
एवढी मोठी बेरीज,
आणि हातचा धरायचाच राहिला होता.

अहवाल लिहायला नऊ दिवस लागले.
एरवी दोन लागतात.
काय लिहायचं ते कळत होतं,
कुणाचं नाव लिहायचं नाही तेही.
शेवटी नव्या रकान्याला म्हटलं: कंप.
स्रोत: कठडा.
पिर्क्कोने विचारलं, हे सुचलं कसं?
म्हटलं, रात्री झोप येत नव्हती.
ते खोटं नव्हतं.

कठड्यावर एका जागी रंग उडालाय,
तळव्याएवढा, आतलं लोखंड गुळगुळीत.
सेन्सर तिथेच बसवला.
चूक तिसऱ्या हिश्शाने घटली.
तिसऱ्या पाळीचे ठिपके रेघेजवळ सरकले,
अगदी रेघेवर नाही आले.
काही राहिलं असेल त्याच्याकडे,
हातचं राखून.

एप्रिलमध्ये आखाताचं बर्फ काळं पडलं,
खनिजाचं पहिलं जहाज धक्क्याला लागलं.
शेवटच्या पाळीला राइमोने
त्या करड्या डबीवर बोट टेकवलं,
बाळाचा ताप बघावा तसं.
म्हणाला, "नशीबवान आहे.
हिला हातमोजा काढावा लागत नाही."